कार्ड आधी उलटं करा

जुलैअखेरीस शिकागोच्या ओहेअर विमानतळाजवळ रोझमाँटला खेळाडूंच्या कार्डांचं ‘नॅशनल’ हे प्रदर्शन भरतं, तेव्हा दार उघडल्याबरोबर बहुतेक गर्दी पळते ती लिलाव कंपन्यांच्या शोकेसकडे. जुनी बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेले पुठ्ठ्याचे पत्ते, विकत घ्यायला आलेल्याने तिकडे फार तर अर्धा तास घालवावा, डोळे निववून घ्यावेत आणि मागच्या रांगांना लागावं. आपला माल तिथे असतो. बाइंडरमध्ये, लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यांत, टेबलावर उताणा पडलेला.

पूर्ण नाव नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन. पहिलं १९८० साली लॉस एंजेलिसला झालं. करोनामुळे २०२० चं बुडालं. गाव बदलत असतं. २०२४ ला क्लीव्हलंड होतं, २०२३ आणि २०२५ ला रोझमाँट. बुधवार ते रविवार असे पाच दिवस चालतं. आम्ही जे सांगतोय ते बहुतेक तिथलं आहे, पण एखाद्या गावच्या शाळेच्या हॉलमध्ये तीस टेबलांचं प्रदर्शन असलं तरी हेच लागू पडतं.

घरून काय न्यायचं ते आधी. दहापट मोठं दाखवणारं भिंग, बोटाएवढा टॉर्च, अतिनील किरणांचा छोटा दिवा, इंचाची पट्टी आणि पॉवर बँक. हॉलमध्ये हजारो फोन एकाच वेळी नेट ओढत असतात, त्यामुळे बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते आणि पानं उघडायला तयार नसतात. म्हणून हवी असलेली माहिती आदल्या रात्री हॉटेलवर उतरवून घ्या. याशिवाय ज्या वर्षांची कार्डं घ्यायची आहेत त्या प्रत्येक वर्षाचं एकेक खात्रीचं, साधं कार्ड प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून खिशात ठेवा. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हत्यार. जाडी, रंग, आकार, कडा, छपाई, पाच गोष्टी एका दमात ताडून बघता येतात.

यादी कागदावर असावी, वर्षवार आणि नंबरवार. सामान्य खेळाडूंची कार्डं विकणारे डीलर खोकी नंबरानेच लावतात. ‘१९६१ टॉप्स, ४२३, ४३१, ४४८’ (टॉप्स ही कार्डं छापणारी कंपनी) असं म्हटलं की त्याचा हात आपोआप चालू लागतो. खेळाडूचं नाव सांगितलंत तर त्यालाही चेकलिस्ट, म्हणजे संचातल्या नंबरांची यादी, शोधावी लागते, आणि मागे उभा असलेला सुस्कारा सोडतो. यादीत प्रत्येक नंबरासमोर दोन गोष्टी लिहा: कुठली अवस्था चालेल आणि जास्तीत जास्त किती द्यायचे. हा आकडा शांत डोक्याने घरी ठरलेला बरा, कारण हॉलमध्ये डोकं शांत राहत नाही.

किंमत काढताना ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, ‘विकली गेलेली’ बघा, तीही त्याच ग्रेडची (ग्रेड म्हणजे कार्डाच्या अवस्थेला दहापैकी दिलेला आकडा), अलीकडची चार-पाच. ‘बेस्ट ऑफर’ने गेलेल्या वस्तूसमोर कधी कधी मूळ मागणीच खोडून दाखवलेली असते, खरा सौदा त्याहून कमी झालेला असतो. लिलाव कंपनीच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नाही तेही बघा. ते वीस टक्क्यांच्या घरात असलं तर हिशेब कुठल्या कुठे जातो.

आता टेबलापाशी. टेबलाच्या काही रीती आहेत, त्या कुठे लिहिलेल्या नसतात. टॉपलोडरमधून, म्हणजे त्या कडक प्लास्टिकच्या पाकिटातून, कार्ड स्वतः काढू नका. ‘काढून बघू का?’ असं विचारा. बरेच डीलर स्वतः काढून देतात. हात कोरडे हवेत, कार्ड कडांवर धरायचं. कॉफीचा कप टेबलावर ठेवलात की समोरच्याचा चेहरा बघा. जोवर कार्ड तुमच्या हातात आहे तोवर पहिला हक्क तुमचा. विचार करायला म्हणून ते खाली ठेवलंत आणि शेजारच्याने उचललं, तर संपलं. कुरकुर करायची नाही. तसंच दुसऱ्याचा सौदा चालू असताना ‘तिकडच्या रांगेत स्वस्त आहे’ असं बोलणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

हॉलमध्ये येण्याचा एकच खरा फायदा: कार्ड हातात धरता येतं. फोटोत न दिसणारी प्रत्येक गोष्ट इथे दिसते. मग शंभर टेबलं धावत बघण्यापेक्षा एक कार्ड पाच मिनिटं बघितलेलं केव्हाही चांगलं.

टी-२०६ चं उदाहरण घ्या. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेला हा संच. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने केलेल्या कॅटलॉगमध्ये त्याला टी-२०६ हा क्रमांक मिळाला, तोच नाव होऊन बसला. आकार १ ७/१६ × २ ५/८ इंच, म्हणजे आपल्या काडेपेटीच्याच रुंदीचं पण बोटभराने लांब. नवखा माणूस समोरचं चित्र बघत बसतो. जाणता आधी कार्ड उलटं करतो. मागे कुठल्या सिगारेटची जाहिरात आहे यावर किंमत ठरते. पिडमाँट आणि स्वीट कॅपोरल ही पाठ ढिगाने मिळते. त्याच खेळाडूच्या त्याच चित्रामागे ड्रम, उझिट किंवा लेनॉक्स निघालं तर किंमत कितीतरी पटींनी चढते. पोलर बेअर हा सुटा तंबाखू होता, कार्ड थेट त्या तंबाखूत पडलेलं असायचं. म्हणून त्या पाठीच्या कार्डांवर तपकिरी डाग सर्रास असतात, त्याला घाबरू नका. आणि अमेरिकन ब्युटी पाठीची कार्डं मुळातच थोडी अरुंद कापलेली आहेत. पट्टी लावून ‘हे कापलेलं दिसतंय’ म्हणून चांगलं कार्ड सोडणारे लोक आम्ही पाहिलेत. तेच कार्ड पुढच्याने हसत घेतलं.

मग भिंग. खऱ्या टी-२०६ वर चित्राभोवतीची काळी रेघ आणि खाली छापलेलं खेळाडूचं नाव सलग, भरीव शाईत असतं. नकली कार्ड हे कुठल्यातरी खऱ्या कार्डाच्या फोटोवरून छापलेलं, म्हणून त्याची अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. भिंगाखाली अक्षर फुटलं की कार्ड परत द्यायचं, वाद घालायचा नाही. पुढे अतिनील दिवा: ओंजळीत कार्ड धरून, प्रकाश अडवून बघा. कागद निळसर-पांढरा चमकला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, कारण कागद उजळ करणारी रसायनं त्यानंतरच रुळली. खरा जुना पुठ्ठा मंद, मळकट दिसतो. गौडी या च्युइंगगम कंपनीच्या १९३३ च्या संचालाही हीच कसोटी लागते. त्या संचात बेब रूथची चार कार्डं आहेत (५३, १४४, १४९, १८१) आणि चारींच्या नकला गल्लोगल्ली आहेत. साठच्या दशकातल्या कार्डांवर मात्र या दिव्याचा भरवसा धरू नका, तेव्हाच्या काही कागदांत ही रसायनं होतीच.

नकली कार्डाला जुनं दाखवायला चहा-कॉफीचं पाणी देतात. ते सगळीकडे सारखं पसरतं आणि घड्यांमध्ये जास्त मुरतं. चारही कोपरे एकाच मापाने झिजलेले असले तर समजा की काचकागद फिरलाय. पोराच्या खिशात राहिलेलं कार्ड एका कोपऱ्यावर जास्त झिजतं. ‘आजोबांच्या ट्रंकेत सापडलं’ ही कथा ऐकायला छान असते, किमतीत धरू नका.

पन्नासच्या दशकातल्या टॉप्स कार्डांत पहिली अडचण आकाराची. १९५२ ते १९५६ ची टॉप्स २ ५/८ × ३ ३/४ इंच, म्हणजे खेळण्याच्या पत्त्यापेक्षा जरा मोठी. १९५७ पासून २ १/२ × ३ १/२, पत्त्याएवढी, आणि तेच माप पुढे कायम राहिलं. टॉप्सने १९८३ साली १९५२ चा संच पुन्हा छापला तो या नव्या मापात. म्हणजे खिशातलं १९५२ चं साधं कार्ड शेजारी धरलं की पुनर्मुद्रण लगेच आखूड पडतं.

१९५२ चा संच ४०७ कार्डांचा. ३११ पासून पुढची कार्डं हंगाम उतरल्यावर बाजारात आली, पोरांचं लक्ष तोवर फुटबॉलकडे गेलेलं. न खपलेली खोकी गोदामात पडून राहिली आणि १९६० च्या सुमारास कंपनीच्या साय बर्गर यांनी ती पडावात भरून अटलांटिक समुद्रात टाकली. म्हणून ‘हाय नंबर’ महाग. मिकी मँटलचं प्रसिद्ध ३११ नंबरचं कार्ड दुहेरी छापलेलं आहे, म्हणजे शेजारच्या बऱ्याच नंबरांपेक्षा ते जास्त संख्येने निघालं. तरी त्यातलं एक २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तुटवडा आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका कार्डावरून पोरांना शिकवता येईल. पहिल्या नंबरचं अँडी पॅफ्को मात्र चांगल्या अवस्थेत मिळणं खरंच कठीण: गठ्ठ्याला रबरबँड लावायचे आणि वरचं कार्ड पॅफ्को, सगळा मार त्याने खाल्ला. शेवटचं ४०७, एडी मॅथ्यूज, खालच्या अंगाने तेच भोगतं. कुठल्याही जुन्या संचात पहिलं आणि शेवटचं कार्ड स्वच्छ दिसलं तर तिथे थांबा.

कडा कापणं हा या धंद्यातला जुना रोग. कोपरा झिजला की कड केसभर कापायची, कोपरा पुन्हा टोकदार. तपासताना फक्त मापावर जाऊ नका, कारखान्यातच १/३२ इंचाचा फरक पडायचा. कड आडवी धरून बघा. त्या काळच्या कापणीची कड किंचित केसाळ, सुती असते आणि पुढच्या-मागच्या बाजूंइतकीच मळलेली असते. बाकी कार्ड पिवळं आणि एकच कड दुधासारखी पांढरी असेल, किंवा मधे सरळ जाऊन कोपऱ्याशी हुकासारखी वळली असेल, तर तिथे पातं फिरलंय. १९७१ च्या टॉप्सला काळी चौकट आहे, बोट लागलं तरी कडेचा काळा रंग उडतो. त्यामुळे त्या वर्षाच्या कार्डांवर मार्कर फिरवणारे पुष्कळ. कार्ड उभं धरून कडेच्या जाडीकडे बघा. शाई पांढऱ्या पुठ्ठ्यात झिरपलेली दिसते.

सुरकुती शोधायला टॉर्च समोरून मारू नका. कार्ड जवळजवळ आडवं धरून प्रकाश कडेने सरपटू द्या, दोन्ही बाजूंनी. घडी दोन्हीकडे दिसते, सुरकुती अनेकदा एकाच बाजूला. दिसायला सातच्या लायकीचं कार्ड एका हलक्या घडीने चारवर येतं, आणि पैशांत तो फरक मोठा असतो. पाठीवर बबलगमचा तपकिरी डाग, मेणकागदाचा तेलकट ठसा, पेनाने खोडलेला संघ हेही इथेच बघायचं. चेकलिस्टची कार्डं पोरांनी पेनाने टिक करून संपवली, म्हणून कोरी चेकलिस्ट साध्या खेळाडूपेक्षा महाग मिळते. आपल्याकडे बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं वहीत खळीने चिकटवली गेली, तिकडेही स्क्रॅपबुकांनी तेच केलं. जुन्या तंबाखू कार्डांच्या पाठीवर काळा कागद अडकलेला दिसतो तो त्याचाच.

स्लॅबमधलं कार्ड, म्हणजे ग्रेड देऊन प्लास्टिकमध्ये बंद केलेलं, घेताना काम संपत नाही, फक्त बदलतं. ग्रेड देणाऱ्या कंपन्यांत पीएसए, एसजीसी आणि बेकेट ही तीन नावं जुन्या कार्डांत चालतात. आधी लेबलावरचा क्रमांक फोनवर टाकून कंपनीच्या नोंदीशी जुळवा. नकली स्लॅबवर खरा क्रमांक छापतात, म्हणून नुसता आकडा जुळून भागत नाही. नोंदीत फोटो असेल तर चौकटीची रुंदी आणि छपाईतला एखादा ठिपका ताडा. स्लॅबच्या शिवणीवर पांढरट धुरकट पट्टा दिसला तर तो उघडून पुन्हा चिकटवलेला असण्याची शक्यता आहे. आकड्यामागे अक्षरं असली तर ती वाचा: ओसी म्हणजे चित्र मध्यावर नाही, एमके म्हणजे लिखाण, एसटी म्हणजे डाग. बाजार साधारणपणे ओसी असलेल्या आठला सहाच्या आसपास धरतो.

ग्रेडच्या आकड्याला देव मानू नये, याचं ठळक उदाहरण ग्रेडिंगवाल्यांच्या घरचंच आहे. १९९१ साली पीएसएने ज्या पहिल्या कार्डाला ग्रेड दिली ते टी-२०६ होनस वॅग्नर. त्याच्या कडा कापल्या होत्या हे २०१३ साली कापणाऱ्यानेच कोर्टात कबूल केलं.

रॉबर्टो क्लेमेंटेचं पहिलं कार्ड, १९५५ टॉप्स, नंबर १६४. आडवं कार्ड, मोठा चेहरा, शेजारी छोटी पूर्ण आकृती, खाली छापील सही. समजा एकाच टेबलावर दोन आहेत. एक पाच ग्रेडचं: कोपरे चांगले, पण डावीकडे पांढरी पट्टी जाड आणि उजवीकडे जेमतेम दोरा, कारण पाचला चित्र ८५-१५ इतकं एका बाजूला सरकलेलं चालतं. दुसरं तीनचं: चित्र बरोबर मध्यावर, रंग ताजे, फक्त पाठीवर एक सुरकुती, जी भिंतीवर लावल्यावर कुणालाही दिसणार नाही. आम्ही तीनचं घेऊ, आणि उरलेल्या पैशांत त्याच वर्षातली निम्मी यादी उडवू. पुढे विकतानाही देखणं तीन आपल्या ग्रेडच्या सरासरीपेक्षा वर जातं, कुरूप पाच खाली घसरतं. महागडं क्लेमेंटे, १९६३ चं पीट रोझ किंवा १९६८ चं नोलन रायन स्लॅबशिवाय टेबलावर दिसलं तर आधी विचारा, ‘हे ग्रेडिंगला का नाही पाठवलं?’ ग्रेडिंगच्या खिडक्या त्याच हॉलमध्ये असतात. उत्तर देताना माणूस दुसरीकडे बघायला लागला की पुढच्या टेबलाकडे चला. वीस-तीस डॉलरच्या कार्डाला हा प्रश्न विचारू नका, तिथे ग्रेडिंगची फीच परवडत नाही.

भाव करताना पहिला आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या. ‘ह्याचं शेवटचं किती?’ एवढंच. स्टिकर ४५० चं आहे, अलीकडच्या विक्री ३७०, ३९० आणि ४१० च्या आहेत. तो ४२० म्हणेल. तुम्ही ३५० रोख म्हणा, विक्रीचे आकडे फोनवर तयार ठेवा पण त्याच्या नाकापुढे नाचवू नका. ऑनलाइन विकलं तर त्याचे दहा टक्क्यांहून जास्त फीत जातात, शिवाय टपाल. म्हणून रोखीत ३७०-३७५ ला दोघांचंही भलं होतं. स्टिकरच्या निम्म्याने सुरुवात केलीत तर तो कार्ड उचलून परत काचेखाली ठेवतो आणि त्या दिवसापुरतं संबंध संपले. एका कार्डावर घासाघीस करण्यापेक्षा पाच कार्डं बाजूला काढून एकत्र भाव विचारला तर सूट जास्त मिळते. नोटा शंभराच्या आणि विसाच्या दोन्ही हव्यात, आणि मोठा गठ्ठा खिशातून सगळ्यांसमोर काढायचा नाही. त्या दिवशीची रक्कम वेगळ्या पाकिटात मोजून ठेवा. सॅक पुढच्या बाजूला लावा.

कधी घ्यायचं, हा प्रश्न हमखास विचारला जातो. दुर्मिळ पाठ, देखणं हाय नंबर, कमी दिसणारी चीज बुधवारीच, दिसल्या क्षणी. खरं तर त्यातलं बरंचसं दार उघडण्याआधी डीलर आपसातच फिरवून बसलेले असतात. साधी कार्डं रविवारपर्यंत थांबू शकतात. रविवारी दुपारी खोकी परत गाडीत चढवायचा कंटाळा आलेला असतो, आणि ‘एवढा गठ्ठा घे, किती देतोस’ असं तोच म्हणतो. टेबलांना नंबर असतात. आवडलेलं कार्ड, टेबलाचा नंबर आणि मागितलेली किंमत लगेच टिपून ठेवा, नाहीतर दोन तासांनी सगळ्या रांगा सारख्या दिसतात.

घेतलेलं कार्ड लगेच पॅक करा, आणि इथे होणारं नुकसान आपल्याच हाताने होतं. १९५२-५६ चं मोठं कार्ड नेहमीच्या टॉपलोडरमध्ये कोंबलं की दोन कोपरे जागच्या जागी मऊ होतात. त्यासाठी मोठ्या मापाचे आणि टी-२०६ साठी तंबाखू मापाचे घरूनच न्या, हॉलमध्ये संपतात. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने तिरका छाटला तर कार्ड अडकत नाही. टेपचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे पुढे ओढायला सोपं जातं आणि चिकट भाग कार्डाला लागत नाही. जुन्या मऊ प्लास्टिकच्या, वास येणाऱ्या पानांत कार्डं मिळाली तर त्याच रात्री बाहेर काढा. ते प्लास्टिक घाम सोडतं आणि छपाईला चिकटतं. रबरबँड कशालाच लावू नका, पॅफ्कोची गत वर सांगितलीच.

विमानात हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. आणि रात्री हॉटेलच्या खोलीत एकदा परत, दिवे मालवून, अतिनील दिव्याखाली. हॉलच्या झगमगाटात सुटलेला मार्कर तिथे जांभळा दिसतो, आणि डीलर अजून त्याच टेबलावर सकाळी दहाला सापडणार असतो.